'ट्रू ग्रिट' : सूड, न्याय आणि एका मुलीची हिशेबवही

वेस्टर्न कादंबरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रुंद काठाची टोपी, घोडा, धुळीचा रस्ता आणि समोरासमोर उभे ठाकलेले दोन बंदूकधारी येतात. प्रवासात वाचायची आणि उतरताना सीटवर सोडून द्यायची वस्तू, अशीच तिची किंमत आपण करतो. मंडळात साहसकथेवर बोलणं झालं तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि त्यांचा स्वतःचा फास्टर फेणे, इथपर्यंत आपण येतो आणि थांबतो. म्हणून या अंकात मी मुद्दाम एक काऊबॉय कादंबरी अभ्यासाला घेतली आहे. तिचं नाव 'ट्रू ग्रिट', म्हणजे खरी धमक. लेखक चार्ल्स पोर्टिस, प्रकाशन १९६८.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही कादंबरी साहसकथा म्हणून पहिल्या दर्जाची आहेच, पण तिचा खरा विषय बंदुका नाहीत. आपल्या माणसाला कुणी मारलं तर त्याची भरपाई कशाने होते, हा तिचा विषय आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर कादंबरीची नायिका जितक्या ठामपणे देते, तितक्या ठामपणे कादंबरी देत नाही. या दोन्हींमधल्या फटीतच तिचं मोठेपण आहे.

लेखक आणि कथा

पोर्टिस (१९३३–२०२०) अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याचा. कोरियाच्या युद्धात मरीन दलात होता, नंतर पत्रकार झाला, 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'च्या लंडन कार्यालयात होता. मग नोकरी सोडून गावाकडे परतला आणि कादंबऱ्या लिहू लागला. आयुष्यभरात फक्त पाच लिहिल्या. 'ट्रू ग्रिट' ही दुसरी.

कथा १८७० च्या दशकातली. येल काउंटीतल्या डार्डनेल गावाजवळ राहणारी मॅटी रॉस चौदा वर्षांची आहे. तिचे वडील फ्रँक रॉस तट्टं विकत घ्यायला फोर्ट स्मिथ शहरात जातात. सोबत टॉम चेनी नावाचा गडी असतो. चेनी पत्त्यांत पैसे हरतो, दारूच्या नशेत बंदूक घेऊन भांडायला निघतो. त्याला अडवायला गेलेल्या मालकालाच तो गोळी घालतो, पैसे लुटतो आणि नदीपलीकडे पळून जातो. पलीकडे म्हणजे 'इंडियन टेरिटरी'त. तिथे आर्कान्सॉचे पोलीस जाऊ शकत नाहीत, फक्त केंद्र सरकारचे मार्शल जाऊ शकतात.

मॅटी वडिलांचा मृतदेह ताब्यात घ्यायला शहरात येते, तो घरी पाठवते, आणि स्वतः मागे राहते. रूस्टर कॉगबर्न नावाच्या एकाक्ष, दारुड्या मार्शलला ती शंभर डॉलरला कामावर ठेवते. लबीफ नावाचा टेक्सासचा एक रेंजरही चेनीच्या मागावर असतो. तिघे मिळून हिवाळ्यात जंगलात शिरतात. पुढे दरोडेखोरांची टोळी, चकमकी, आणि शेवटी सापांनी भरलेला एक खड्डा. इतकं सांगितल्याने पुस्तकाची गोडी कमी होत नाही, कारण ती 'काय झालं' यात नसून 'कोण सांगतंय' यात आहे.

आवाज : म्हातारी सांगते, मुलगी दिसते

गोष्ट चौदा वर्षांच्या मॅटीची आहे, पण सांगणारी मॅटी म्हातारी झालेली आहे. १९२८ च्या सुमाराला ती हे लिहिते आहे. तोवर तिने लग्न केलेलं नाही, एक बँक चालवली आहे, आणि तिची मतं खिळ्यासारखी ठोकून बसलेली आहेत. पाठलाग ऐन रंगात आला असतानाही ती मध्येच थांबून राजकारणावर, दारूबंदीवर, चर्चच्या पंथांवर दोन वाक्यं बोलून घेते आणि मग पुढे जाते.

तिचं इंग्रजी बघण्यासारखं आहे. बोलीत शब्द जोडून आखूड करायची जी सवय असते, ती तिला जवळजवळ नाही. एखादा बाजारू शब्द आलाच तर ती त्याला अवतरण चिन्हांत ठेवते, जणू चिमट्याने उचलला आहे. भयंकर प्रसंगही ती पावती लिहिल्यासारखा लिहिते. त्यामुळे आपल्याला हसू येतं, तिला मात्र येत नाही. या पुस्तकातला विनोद सगळा तिथून येतो : सांगणारीला ठाऊक नाही की ती गमतीशीर आहे.

इथे मला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात. ते आत्मचरित्र आहे आणि हे कल्पित, पण दोन्हीकडे एक वयस्क ख्रिस्ती बाई आपलं मागचं आयुष्य साध्या, सरळ भाषेत सांगते आणि वाचणारा अर्ध्या वाक्यात हसतो, अर्ध्या वाक्यात गप्प होतो. फरक मोठा आहे. लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात, त्यामुळे त्यांचं दुःख वाचकापर्यंत मोकळेपणाने येतं. मॅटी स्वतःवर कधीच हसत नाही, त्यामुळे तिचं दुःख आपल्याला ओळींच्या मधून शोधून काढावं लागतं. वडिलांसाठी ती किती रडली हे ती जवळजवळ सांगतच नाही. वडिलांच्या तट्टांचा सौदा मात्र पानभर सांगते.

ज्यांना भाषांतराची आवड आहे त्यांनी एक प्रयोग करून बघावा. मॅटीला मराठीत बोलवायचं तर कसं? माझ्या मते तिच्या तोंडी 'ना', 'बरं का', 'अगं' चालणार नाहीत. तिला जुन्या व्यवहारी पत्राची मराठी द्यावी लागेल, 'सदर घोडा', 'एकूण रक्कम', 'कळावे' अशी. रूस्टरला मात्र आपल्या छावणीतल्या चहाच्या टपरीवरची हिंदी मिसळलेली मराठी शोभेल. दोघांना एकाच मराठीत बोलवलं तर कादंबरी तिथेच मेली.

हिशेबवही

कादंबरीतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग गोळीबाराचा नाही, सौद्याचा आहे. वडिलांनी स्टोनहिल नावाच्या घोड्यांच्या व्यापाऱ्याकडून तट्टं घेतलेली असतात. मॅटी त्याच्याकडे जाऊन ती परत विकते, शिवाय त्याच्या तबेल्यातून चोरीला गेलेल्या वडिलांच्या घोडीची भरपाई मागते. तो आधी हसतो, मग चिडतो, मग वकिलाचं नाव ऐकून घाम पुसतो, आणि शेवटी ३२५ डॉलर मोजतो. चौदा वर्षांची मुलगी, बाप जाऊन थोडेच दिवस झालेले, आणि ती सेंटचासुद्धा हिशेब सोडत नाही.

हा प्रसंग फक्त गमतीचा नाही. मॅटीचं सगळं जग जमा आणि खर्च अशा दोन रकान्यांचं आहे. तिच्या मते या जगात प्रत्येक गोष्टीची किंमत कुणीतरी, कधीतरी भरतोच. तिच्या प्रेस्बिटेरियन श्रद्धेप्रमाणे फक्त देवाची कृपा याला अपवाद आहे, कारण ती कमावता येत नाही. हे ती कादंबरीच्या सुरुवातीलाच सांगते. मग बापाच्या खुनाचा हिशेब अर्थातच चेनीच्या जिवाने मिटला पाहिजे.

आणि तो हिशेब नेमका हवा. लबीफला चेनी हवा आहे तो टेक्सासमधल्या एका सिनेटरच्या खुनासाठी. तिकडे बक्षीस मोठं आहे. तो म्हणतो, फाशी टेक्सासला झाली काय नि आर्कान्सॉला झाली काय, माणूस तर मरणारच ना? मॅटीला हे मुळीच मान्य नाही. चेनी फासावर जायला हवा, आणि तो फ्रँक रॉसला मारलं म्हणून जायला हवा. दुसऱ्याच्या खात्यावर आपली रक्कम जमा झालेली तिला चालणार नाही. मला तर इथे पहिल्यांदा तिचं दुःख दिसलं. माझ्या वडिलांचं नाव घेऊन शिक्षा द्या, इतकीच तिची मागणी आहे.

तीन मार्शल

आता अभ्यासाचा मुख्य मुद्दा. मॅटी शेरीफला विचारते, सगळ्यात चांगला मार्शल कोण? तो तीन नावं सांगतो. एक, माग काढण्यात पटाईत. दुसरा रूस्टर कॉगबर्न, दयामाया नसलेला, भीती माहीत नसलेला, बाटलीचा शौकीन. तिसरा क्विन, जो कैद्यांना जिवंत आणतो, वाईटातल्या वाईट माणसालाही न्यायाची संधी मिळावी असं मानतो आणि चर्चमध्ये प्रवचनही करतो. शेरीफच्या मते क्विनच उत्तम.

मॅटी लगेच विचारते, तो रूस्टर कुठे भेटेल?

वाचताना आपण हसतो. पण जरा थांबून बघा. पानोपानी पवित्र शास्त्राचे दाखले देणारी ही मुलगी, समोर श्रद्धावान आणि न्यायी माणूस असताना, निर्दय माणूस निवडते. ती तोंडाने न्यायालय म्हणते आणि हाताने सूड निवडते. रूस्टरचा स्वतःचा हिशेबही स्वच्छ नाही. यादवी युद्धात तो क्वांट्रिलच्या टोळीत होता, आणि न्यायालयात उलटतपासणी होते तेव्हा त्याने किती माणसं मारली याचा आकडा वकील बाहेर काढतो. कायदा आणि गुन्हा यांच्यामध्ये नदीइतकं रुंद अंतर आहे असं मॅटीला वाटतं. रूस्टर मात्र ती नदी दोन्ही बाजूंनी ओलांडून आलेला माणूस आहे.

शेवटी काय होतं बघा. चेनीला ना फोर्ट स्मिथची फाशी मिळते, ना टेक्सासची. मॅटी त्याच्यावर गोळी झाडते, बंदुकीच्या धक्क्याने मागे फेकली जाते आणि खड्ड्यात पडते. शेवटचा घाव रूस्टर घालतो. न्यायाधीश नाही, खटला नाही, वडिलांचं नाव कुणी मोठ्याने वाचत नाही. खड्ड्यात मॅटीला साप चावतो. तिला वाचवण्यासाठी रूस्टर तिच्या लाडक्या 'लिटल ब्लॅकी' घोड्याला पळवून पळवून मारतो, मग तिला उचलून धावतो. तिचा एक हात कापावा लागतो.

म्हणजे किंमत मोजली गेली, पण ती मोजली मॅटीने. आणि तिचे प्राण वाचले ते अशा एका रात्रीमुळे जी शंभर डॉलरच्या करारात कुठेच नव्हती. दारुड्या, खुनशी रूस्टरने ती फुकट दिली. कमावता न येणारी कृपा ती म्हणते, ती बहुधा अशीच येत असावी. मॅटी हे सांगते, पण त्यावर भाष्य करत नाही. पंचवीस वर्षांनी मात्र ती रूस्टरला भेटायला मेम्फिसला जाते. तो काही दिवसांपूर्वीच वारलेला असतो. ती त्याचा देह आणून आपल्या घराण्याच्या दफनभूमीत पुरते. तिच्या जमाखर्चात न बसलेली ही एकच नोंद.

एका कॅथलिक वाचकाच्या नजरेतून

मॅटी कट्टर प्रेस्बिटेरियन, मी कॅथलिक. तरी पुस्तकात तीन ठिकाणी ती माझ्या दारावरून गेली.

पहिलं ठिकाण फाशीचं. शहरात आल्या आल्या ती तिघांना फाशी जाताना बघते. त्यांतला एक आदिवासी, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी. तो आपण पश्चात्ताप केल्याचं सांगून शांतपणे मरतो. मॅटी वाचकाला क्रुसावरच्या चोराची आठवण करून देते : त्याचा ना बाप्तिस्मा झाला होता, ना धर्मशिक्षण, तरी येशूने त्याला स्वर्गाचं वचन दिलं. लूकच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग आपण दर पवित्र आठवड्यात ऐकतो. फासावरच्या अनोळखी माणसाला मॅटी स्वर्ग देऊ शकते. चेनीला मात्र ती शक्यतासुद्धा देत नाही. कारण सरळ आहे : तो माणूस तिच्या बापाचा खुनी नव्हता.

दुसरं ठिकाण न्यायाधीश पार्करचं. आयझॅक पार्कर हा खरा इतिहासातला माणूस. १८७५ ते १८९६ फोर्ट स्मिथला होता, १६० जणांना त्याने मृत्युदंड सुनावला आणि ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. तो मृत्युशय्येवर कॅथलिक झाला हे मॅटी सांगते, आणि म्हणते की इतक्या माणसांना फासावर पाठवलेल्याला शेवटी मेथडिस्टांपेक्षा जालीम औषध लागलं असेल. मी खूप हसले. मग लक्षात आलं की मॅटीने नकळत कबूल केलं आहे : कायदेशीर फाशीचंही ओझं माणसाच्या मनावर राहतं.

तिसरं ठिकाण अध्यक्षपदाच्या निवडणुकीतला अल स्मिथ. तो कॅथलिक म्हणून अनेक अमेरिकन लोक त्याला घाबरत होते. मॅटी पोपवर शेरा मारते खरी, पण मला त्या माणसाची भीती वाटत नाही असं म्हणते. तिच्यासारख्या बाईकडून ही बरीच मोठी उदारता आहे.

२०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल केला आणि मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य नाही अशी शिकवण आली. पण ग्रंथातली शिकवण वाचणं आणि ती जगणं यांत फरक आहे. आपल्या इंदूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला याच शहरात राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं गेलं. मॅटीचं पुस्तक आणि ही राखी मी शेजारी शेजारी ठेवते, आणि मला मॅटीचा राग येत नाही. उलट ती राखी किती अवघड होती हे मॅटीमुळे समजतं. कारण दोनशे पानं मीसुद्धा चेनी कधी मरतो याचीच वाट बघत होते.

काय खटकतं

कादंबरीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. 'इंडियन टेरिटरी' ही कथेत गुन्हेगारांची लपायची जागा आहे. १८३० च्या कायद्यानंतर चॉक्टॉ, चेरोकी वगैरे राष्ट्रांना त्यांच्या भूमीवरून हुसकून इथे आणलं होतं, हे कथेत पार्श्वभूमीलाच राहतं. चॉक्टॉ पोलीस भेटतात, पण त्यांची बाजू आपल्याला ऐकू येत नाही.

दुसरं पात्र यार्नेल पॉइंडेक्स्टर, मॅटीच्या घरचा कृष्णवर्णीय गडी. तो इलिनॉयमध्ये स्वतंत्र आईबापांच्या पोटी जन्मला, मग एका माणसाने त्याला मिसूरीतून पळवून आर्कान्सॉत आणलं. मॅटी हे जाता जाता सांगते आणि पुढे जाते. त्या एवढ्याशा माहितीत दुसरी एक अख्खी साहसकथा आहे, जी कुणी लिहिली नाही. यार्नेलच्या अपहरणाचा हिशेब मागायला कुणी मार्शल ठेवला नाही. प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते म्हणणाऱ्या मॅटीला हे खातं दिसत नाही. लेखकाला दिसत असावं असं मला वाटतं, नाहीतर त्याने हा तपशील दिलाच नसता.

चित्रपट बघणाऱ्यांसाठी

दोन चित्रपट आहेत. १९६९ चा, ज्यासाठी जॉन वेनला ऑस्कर मिळालं, आणि २०१० चा कोएन बंधूंचा. पहिल्यात मॅटीचा हात शाबूत राहतो आणि शेवटी रूस्टर जिवंत, हसरा, घोड्यावर. म्हणजे किंमतच माफ केली. दुसरा पुस्तकाच्या जास्त जवळ आहे, हात जातो, म्हातारपण येतं. पण त्यात फाशीच्या प्रसंगी त्या मूळनिवासी माणसाने तोंड उघडताच त्याच्या डोक्यावर टोपडं चढवतात. पुस्तकातला पश्चात्ताप तिथे नाही. दिग्दर्शकांनी त्या काळचा अन्याय एका क्षणात दाखवला, पण क्रुसावरचा चोर हरवला. दोन्ही बाजूंनी बोलता येईल, म्हणून आधी पुस्तक वाचा, मग चित्रपट.

चर्चेसाठी प्रश्न

इंग्रजी अवघड नाही, पानं दोनशेच्या आसपास. पुढच्या बैठकीआधी वाचून होईल. वाचताना हे प्रश्न जवळ ठेवा.

१. मॅटीने क्विनला निवडलं असतं तर कथा कशी घडली असती? चेनी जिवंत परत आला असता का, आणि मॅटीचा हात?

२. म्हातारी मॅटी आणि चौदा वर्षांची मॅटी यांच्या मतांत कुठे फरक दिसतो का? दिसत नसेल, तर इतक्या वर्षांत ती का बदलली नाही?

३. रूस्टरचा देह आपल्या घराण्यात पुरणं हे कर्ज फेडणं आहे की प्रेम?

४. यार्नेलने हीच गोष्ट सांगितली असती तर पहिलं वाक्य काय असतं? एक परिच्छेद मराठीत लिहून आणा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मीही लिहिते आहे. अजून जमलेलं नाही, पण बैठकीत वाचून दाखवीन.